मी निसटलो नव्हतो

मित्रांनो, मी कंबरेचा पट्टा आहे. जुना झालो आहे, रंग उडाला आहे, कडेचे दोन-चार धागे पिंजले आहेत. पण मी कधी तुटलो नाही आणि कधी निसटलोही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या दिघोरीत तुम्ही कोणालाही माझ्याबद्दल विचारलंत तर तो याच्या बरोबर उलट सांगेल. गावाने एक बाजू ऐकली आहे. दुसरी बाजू मला तोंड नसल्यामुळे राहून गेली. ती आज तुम्ही ऐका.

माझा जन्म फार लांब, कानपूरकडच्या एका मागावर झाला. खाटेला नवार लावतात ना, तिचा मी चुलत भाऊ. पण नवार सैल विणीची असते आणि माझी वीण इतकी घट्ट की सुईसुद्धा आत शिरताना कुरकुर करते. चांगला जाड सुती धागा, वरून हिरवट खाकी रंग, आणि एका टोकाला पितळी बक्कल. मी सैनिकांसाठी विणला गेलो होतो. एकाहत्तरची लढाई संपली, माल उरला, आणि आमचे गठ्ठेच्या गठ्ठे व्यापाऱ्यांच्या हाती लागले. असा हिंडत हिंडत मी लाखांदूरच्या बाजारात, ताराचंद शेठच्या दुकानात येऊन टांगलो गेलो.

माझ्या शेजारी चामड्याचे पट्टे होते. काळे, तपकिरी, तेल लावून चमकवलेले. गिऱ्हाईक आलं की त्यांनाच आधी हात लावायचं. मला सुरुवातीला वाईट वाटायचं. पुढे मी पाहिलं की पाऊस आला की ते कडक होतात, उन्हात तडकतात, आणि भोकं फाटून मोठी होतात. मला भोकंच नाहीत. माझं टोक बक्कलात सारायचं, हवं तेवढं ओढायचं आणि मधली आडवी पितळी खिट्टी अंगठ्याने दाबायची. टक् असा आवाज येतो. तो आला की मी आहे तिथे घट्ट. मग जितकं जोरात ओढाल तितकी माझी पकड वाढते. खिट्टी पुन्हा अंगठ्याने उचलल्याशिवाय मी सुटत नाही.

एका बाजाराच्या दिवशी यष्टीतून उतरून केवळराम दुकानात आला. दिघोरीचा शेतकरी, धानाच्या दोन बांध्यांचा, म्हणजे दोन लहान शेतांचा, मालक, अंगाने काटक. त्याची खाकी अर्धी चड्डी कंबरेवर टिकत नव्हती आणि एका हाताने ती धरूनच तो बोलत होता. ताराचंद शेठने मला खुंटीवरून काढलं, दुकानाच्या खांबाला बांधलं आणि म्हणाला, "वढ. आंगात जेवढा जोर असन तेवढा वढ."

केवळरामने पाय रोवून ओढलं. खांब करकरला, छपरावरची दोन कवेलू सरकली, पण मी हललो नाही.

"मरेपर्यंत जाईन हा पट्टा," ताराचंद म्हणाला. "निसटला तं माह्याकडं आन. माही जबान हाय."

केवळराम खूश होऊन हसला. त्याने मला तिथेच कंबरेला लावलं, खिट्टी दाबली आणि दोन्ही हात मोकळे सोडून उभा राहिला. माझ्यामुळे कोणी इतकं खूश झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेव्हापासून माझे खरे दिवस सुरू झाले. मित्रांनो, रोजच्या वापरातल्या वस्तूला सुट्टी नसते, आणि खरं सांगतो, ती तिला नकोही असते. सकाळी तोंड धुतलं की केवळराम मला कंबरेला बांधायचा. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मी त्याच्याबरोबर गुडघाभर चिखलात असायचो. परह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या त्याच्या पाठीवर बांधायला मीच. विहिरीत बादली पडली की दोराला जोड द्यायला मीच. सायकलच्या मागे धानाचं पोतं आवळायला मीच. एकदा लाखांदूरच्या रस्त्यावर सायकलची साखळी तुटली, तर त्याचा मित्र यादोराव याच्या सायकलला मला बांधून त्याने स्वतःची सायकल घरापर्यंत ओढत आणली. संध्याकाळी त्याची बायको धुरपता मला दगडावर घासून धुवायची आणि कुंपणाच्या बांबूच्या तट्ट्यावर वाळत घालायची. मळ निघायचा, घामाचे पांढरे डाग मात्र राहायचे. ते मला आवडायचे.

धुरपता कधी कधी चिडवायची, "एवढा जीव तं तुमी माह्यावर बी नाई लावला." केवळराम मला हातावर गुंडाळत म्हणायचा, "तू रुसतं. हा नाई रुसत." त्यांची मुलगी रुखमा चुलीपाशी बसून तोंडावर हात धरून हसायची. मी फार मानी झालो होतो तेव्हा. या घरात आपल्याशिवाय चालत नाही असं मला वाटायचं.

आता यादोरावबद्दल सांगतो. यादोराव म्हणजे केवळरामचा लहानपणापासूनचा जोडीदार. वयाने थोडा मोठा, म्हणून केवळराम त्याला दादा म्हणायचा. शेती बरी, घर मोठं, स्वभाव शांत. त्याला वेड एकच, शंकरपटाचं. आमच्याकडे धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला की गावोगाव पट भरतात. बैलांच्या दोन जोड्या, प्रत्येकीमागे हलका छकडा, सरळ आखलेली वाट, आणि दोन्ही बाजूंना हजारो माणसं. यादोरावची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. एक कोश्या, कोशाच्या रेशमासारखा पिवळसर, आणि दुसरा पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला बांड्या. जोडी यादोरावची, पण हाकायचा केवळराम. कोश्या दुसऱ्या कोणाला जुंपू किंवा हाकू देत नसे.

एका वर्षी पटाच्या ऐन वेळी कोश्याचं जोतं तुटलं. बैलाच्या गळ्याखालून नेऊन जुवाला अडकवतात त्या पट्ट्याला जोतं म्हणतात. ते नसेल तर बैल पळता पळता जुवाबाहेर निघतो. दुसरं जोतं आणायला वेळ नव्हता. केवळरामने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ मला कंबरेवरून काढलं. चड्डीला सुतळी बांधली, मला कोश्याच्या गळ्याखालून घातलं, ओढलं आणि खिट्टी दाबली. टक्.

त्या दिवशीचं पळणं मी विसरणार नाही. कोश्याचा गळा गरम होता, त्याचा श्वास माझ्यावर आदळत होता, आणि जमीन इतक्या वेगाने मागे जात होती की मला काही दिसेना. मला एवढंच ठाऊक होतं की सोडायचं नाही. आम्ही जिंकलो. लोकांनी केवळरामला खांद्यावर घेतलं. यादोरावने कोश्याच्या गळ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "पाह्य बरं, एक बी ओरखडा नाई. चामड्याच्या जोत्यानं कातडी सोलून जाते. हा मऊ हाय आन् सोडत बी नाई."

तेव्हापासून रीतच पडली. एरवी मी केवळरामच्या कंबरेला आणि पटाच्या दिवशी कोश्याच्या गळ्याला. पोळ्याला बैलांची पूजा झाली की यादोराव मलाही कुंकवाचं बोट लावायचा. त्याची बायको निर्मलाबाई हसायची, पण कुंकवाची वाटी पुढे करायची. माणसाच्या कंबरेच्या पट्ट्याला पोळ्याचं कुंकू लागलेलं तुम्ही कुठे ऐकलं आहे का? मला ते लागलं. म्हणूनच पुढचं जास्त झोंबलं.

रुखमा मोठी झाली. पाहुणे येऊन पाहून जायचे आणि मग निरोप यायचा नाही. एकाला रंग पटला नाही, एकाला घर लहान वाटलं. धुरपताचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. रात्री मला खुंटीला अडकवताना केवळरामचा हात जड झालेला मला कळायचा.

मग लाखांदूरच्या परसरामकडून विचारणा आली. त्याचा मुलगा घनश्याम तिथल्या धानाच्या गिरणीत कामाला होता. सरळ मुलगा. त्याने रुखमाला मंडईच्या जत्रेत पाहिलं होतं आणि रुखमानेही त्याला पाहिलं होतं. घरात कोणी तसं बोललं नाही, पण त्या आठवड्यात रुखमा विहिरीवर दोनदा जास्त जाऊन आली आणि दोन्ही वेळा गाणं गुणगुणत आली. मला सगळं दिसत होतं.

आमच्या भागात सोयरिकी पटाच्या निमित्ताने जुळतात. पट पाहायला दूरदूरचे पाहुणे येतात, घराघरात मुक्काम करतात, आणि मग बैलांवरून बोलणं हळूच पोरापोरींवर येतं. त्या वर्षी दिघोरीच्या पटाला परसराम आला. तो नुसता पाहुणा नव्हता. त्याचीही जोडी होती, आणि तीही त्या वर्षी कोणाकडून हरलेली नव्हती. सगळ्या गावाला कळत होतं की शेवटची धाव यादोरावच्या आणि परसरामच्या जोडीत होणार.

पटाच्या आदल्या दिवशी दुपारी परसराम केवळरामकडे जेवायला आला. रुखमाने वाढलं. परसरामने पोटभर जेवून हात धुतला, पान घेतलं आणि ओसरीवर बसून म्हणाला, "केवळरामभाऊ, पोट्टी आमाले पसंद हाय."

धुरपता दाराआड उभी होती. तिचा हात तोंडावर गेला.

"पन एक गोष्ट सांगतो, राग नका मानू," परसराम पुढे म्हणाला. "उद्या तुमच्या हातानं आमची जोडी हारली, तं मंग सोयरीक कशी करावं? लोक म्हनतीन, पोरीच्या बापानं पोराच्या बापाची इज्जत घेतली आन् वरून पोट्टी देल्ली. आमी मांडवात मान वर करून कसं बसावं?"

तो हसत हसत बोलला. पण ते गंमत म्हणून बोललेलं नव्हतं, हे केवळरामने ओळखलं. मी त्याच्या कंबरेला होतो, सगळं ऐकत होतो. 

परसराम गेल्यावर धुरपता बाहेर आली. म्हणाली, "पोरीचं भलं होत असन तं एक पट हारले तं का होते?"

"जोडी माही नाई ना," केवळराम म्हणाला. "यादोदादाची हाय."

"मंग तेईले सांगा."

"का सांगू? तुमी हारा म्हनून सांगू? माह्या पोरीसाठी?"

धुरपता आत निघून गेली. केवळराम ओसरीवरून उठला नाही. मित्रांनो, मला यादोरावचं मन माहीत होतं. केवळराम उठून चार घरं पलीकडे गेला असता, खरं खरं बोलला असता, तर यादोरावने जोडी पटात उतरवलीच नसती. हसून म्हणाला असता, रुखमा का माही पोरगी नाई? पण केवळरामला मागायची लाज वाटली. फसवण्यापेक्षा मागण्याची लाज त्याला जास्त वाटली. तो आजारी आहे म्हणाला असता तरी भागलं असतं. आजही मी याच गोष्टीशी येऊन अडतो.

दुसऱ्या दिवशी पट भरला. माणसांनी वाट दोन्ही अंगांनी गच्च भरली होती. ताराचंद शेठही दुकान बंद करून आला होता. दुपारी शेवटची धाव लागली. यादोराव काठावर उभा राहिला. कोश्याचं तोंड धरून दोन पोरं उभी होती आणि केवळराम नेहमीसारखा जुवाजवळ आला.

त्याने मला कंबरेवरून काढलं. कोश्याच्या गळ्याखालून घातलं. टोक बक्कलात सारलं, थोडं ओढलं. मी वाट पाहत होतो. दरवर्षी यानंतर त्याचा अंगठा येतो. आता येईल, आता येईल, असं मी म्हणत राहिलो. तो आला नाही. केवळरामने हात काढून घेतला आणि छकड्यावर जाऊन बसला.

मला ओरडायचं होतं. खिट्टी उघडी आहे, अरे, खिट्टी उघडी आहे! पण पट्ट्याला कसला आवाज? माझा एकच आवाज, आणि तो त्याने मला काढूच दिला नव्हता.

त्याच्या मनात काय असेल ते मी समजू शकतो. मी हळूहळू सैल होईन, कोश्याचा जोर जुवावर नीट येणार नाही, जोडी मागे पडेल, बस. एवढंच त्याला हवं होतं. पण पळणाऱ्या बैलाच्या गळ्यावर हळूहळू असं काही नसतं. झेंडा पडला, जोड्या सुटल्या, कोश्याने पहिली झेप घेतली आणि माझं टोक बक्कलातून सरकन बाहेर आलं. कोश्या जुवाबाहेर गेला. सगळा भार एकट्या बांड्यावर पडला. छकडा आडवा झाला आणि बांड्या पुढच्या गुडघ्यांवर कोसळला. त्याच्या पायातून जो आवाज आला तो मी धुळीत पडल्या पडल्या ऐकला.

परसरामची जोडी जिंकली. कोणीही तिकडे पाहत नव्हतं. माणसं बांड्याभोवती गोळा झाली. यादोराव मांडी घालून जमिनीवर बसला होता आणि बांड्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. केवळराम खरचटलेल्या हातांनी तिथे पोचला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने असं होईल असं मनातही आणलं नव्हतं, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. तो तिथेच यादोरावचे पाय धरून खरं बोलेल असं मला वाटलं. पण त्याने खाली वाकून मला उचललं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि म्हणाला, "पट्ट्यानं दगा देल्ला, दादा! निसटला हा! ऐन टाइमाले निसटला!"

मित्रांनो, इतकी वर्षं त्याच्या घामाने मी भिजलो होतो. त्याच्या घरातलं कोणतंही काम मी नाकारलं नव्हतं. आणि त्याने मला हजारो माणसांपुढे दगाबाज म्हटलं. मला वाटलं, निदान ताराचंद शेठ काही बोलेल. त्यानेच खांबाला बांधून माझी पारख दाखवली होती, जबान दिली होती. लोक त्याच्याकडे वळलेसुद्धा. तर तो हात झटकून म्हणाला, "मिलिटरीचं जुनं सामान हाय बाप्पा ते. त्याची हमी कोन घेईन?"

केवळरामने मला धुळीत फेकलं. लोक माझ्यावरून चालत गेले.

मला उचललं ते यादोरावने. संध्याकाळी, बांड्याला गाडीत घालून घरी नेल्यावर, तो परत मैदानात आला आणि मला घेऊन गेला. ओसरीवर बसून त्याने माझ्यावरची धूळ झटकली. मला गोठ्याच्या मेढीभोवती, म्हणजे खांबाभोवती, घातलं, टोक सारलं, खिट्टी दाबली. टक्. मग दोन्ही पाय मेढीला लावून त्याने मला ओढलं. पुन्हा ओढलं. मी जिवाच्या आकांताने धरून राहिलो. इतकं घट्ट मी पटातही कधी धरलं नव्हतं. मग त्याने खिट्टी उघडली, नुसतं टोक सारून ओढलं, आणि मी एका झटक्यात त्याच्या हातात आलो.

तो मला मांडीवर घेऊन तिथेच बसला. निर्मलाबाई कंदील घेऊन आली. म्हणाली, "काहून असे बसले? का झालं पट्ट्याले?"

"पट्ट्याले काई नाई झालं," यादोराव म्हणाला. "पट्टा बराबर हाय."

"मंग निसटला कसा?"

यादोरावने मला गुंडाळून बाजूला ठेवलं. "रुखमाची सोयरीक पक्की झाली का?"

"हो. आत्ताच सांगून गेली धुरपता. परसरामनं सुपारी फोडली."

"मंग रायू दे," तो म्हणाला. "कोनाले काई नोको बोलू."

त्या क्षणी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! कोणाला तरी कळलं होतं. मी निर्दोष आहे हे जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस सगळ्यात चांगला होता. मी म्हटलं, ठीक आहे. लग्न होऊ दे. पोरीचं भलं होऊ दे. मग यादोराव बोलेल.

लग्न झालं. रुखमा हसत लाखांदूरला गेली. यादोराव बोलला नाही. मी म्हटलं, पहिली दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मी म्हटलं, रुखमाचं बस्तान नीट बसू दे. तेही बसलं. बांड्याचा पाय सांधला, पण वाकडा. तो पुन्हा कधी पळाला नाही. यादोरावने त्याला विकला नाही, गोठ्यात ठेवला, आणि स्वतः पटात जाणंच सोडून दिलं. मला ओसरीवरच्या खुंटीला टांगलं. वापरलंही नाही आणि टाकलंही नाही.

तिथे टांगल्या टांगल्या मी माझी कीर्ती ऐकत होतो. दिघोरीत एक नवीनच बोलणं रूढ झालं होतं. यष्टी वेळेवर आली नाही की लोक म्हणायचे, "हे यष्टी हाय का केवळरामचा पट्टा?" कोणी शब्द देऊन फिरवला की म्हणायचे, "त्याच्यावर भरवसा? केवळरामचा पट्टा हाय तो." निवडणुकीत मतं मागायला आलेल्या माणसालासुद्धा कोणीतरी माझ्याच नावाने हसलं. मला पाहिलेलंही नाही अशी पोरं माझं नाव घेऊन एकमेकांना चिडवायची.

केवळराम रोज यादोरावकडे यायचा. येताना माझ्या खुंटीकडे पाठ करून बसायचा. त्याच्या कंबरेला आता चामड्याचा पट्टा होता. तो दर पावसाळ्यात बदलावा लागायचा. दोघे बिडी ओढायचे, धानाच्या भावाचं, पावसाचं बोलायचे. एक जण खोटं बोलला होता आणि दुसऱ्याला ते माहीत होतं, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. मधल्या मध्ये मी होतो. आधी मला फक्त केवळरामचा राग होता. हळूहळू मला यादोरावचाही राग येऊ लागला, आणि तो जास्त दुखायचा.

अशीच वर्षं गेली. परवाच्या उन्हाळ्यात रुखमा माहेरी आली. बरोबर तिची लहान मुलगी कौशल्या, नुकती चालायला लागलेली. दोघी यादोरावला भेटायला आल्या. केवळराम आधीच येऊन बसला होता. ओसरीत बंगई, म्हणजे झोपाळा आहे, लाकडी पाटाची, मोठी. कौशल्या त्या बंगईसाठी हट्ट धरून बसली. यादोरावने तिला पाटावर बसवलं, पण ती मागे-पुढे डोलायला लागली. पडेल म्हणून काहीतरी बांधायला हवं होतं.

यादोराव उठला. माझ्या खुंटीपाशी आला आणि त्याने मला हातात घेतलं.

मित्रांनो, मला कंबरेला लावून किती वर्षं झाली होती! त्याने मला त्या एवढ्याशा कंबरेभोवती घेतलं, पाठीमागच्या दांड्याला वेढा दिला, टोक सारलं, आणि त्याचा अंगठा आला. टक्. लेकराचं पोट श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. मी तिला टोचणार नाही इतका मऊ आणि ती पडणार नाही इतका घट्ट होतो. ती टाळ्या वाजवायला लागली. मला वाटलं, आज होणार. आज यादोराव बोलणार. म्हणूनच त्याने मला काढलं आहे.

आतून रुखमा पाण्याचा गडवा घेऊन आली. तिची नजर माझ्यावर पडली आणि गडवा तिने तसाच खाली ठेवला.

"यादोदादा! हा तोच पट्टा ना?" ती धावत आली. "याच्यानं नका बांधू. बांड्याले पाडलं यानं. माहं लेकरू पाडन हा."

केवळरामच्या हातातली बिडी तशीच जळत राहिली. त्याने यादोरावकडे पाहिलं. यादोरावने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला कळलं की यादोरावला सगळं ठाऊक आहे, हे केवळरामलाही ठाऊक आहे. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पट्ट्याचा दोष नव्हता, एवढंच. पण ते बोलायचं म्हणजे रुखमाला सांगायचं की तुझ्या लग्नासाठी काय झालं.

यादोरावने खाली वाकून माझी खिट्टी अंगठ्याने उचलली. मला लेकराच्या कंबरेवरून काढलं. "हो बाई," तो म्हणाला, "याचा भरवसा नाई." आणि निर्मलाबाईला हाक मारून त्याने जुनं लुगडं मागवलं.

लुगड्याची गाठ केवळरामने बांधली. बंगई हलायला लागली तेव्हा तो खाली दोन्ही हात पसरून उभा राहिला, आणि कौशल्या खाली उतरेपर्यंत तसाच उभा होता. मी ओसरीच्या कोपऱ्यात पडून पाहत होतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. धुवा, सावलीत वाळवा, दमटात टाकू नका. ते सगळं कराच. पण तुमच्या घरात कधी काही फुटलं, सांडलं, निसटलं, आणि चूक तुमची असली, तर आमच्याकडे बोट दाखवू नका. आम्ही तुमच्याविरुद्ध कधीच बोलणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. तेवढ्याचा तरी फायदा घेऊ नका. मी यादोरावच्या खुंटीला अजून आहे. कधी दिघोरीला आलात तर आत या, मला खाली काढा, माझं टोक सारा आणि खिट्टी दाबून एकदा जोरात ओढून पाहा.